घरी मुलाला पाहायला कोण आहे?

नागपुरात नव्या आईबापांना बाळाच्या तब्येतीपाठोपाठ जो प्रश्न येतो तो असा: "घरी कोण असतं मग?" बालरोगतज्ज्ञ तो विचारतात, ऑफिसातले साहेब विचारतात, खालच्या मजल्यावरच्या काकू विचारतात. गणपतीची वर्गणी मागायला आलेली मंडळाची पोरंही दारातून आत डोकावत विचारून जातात. उत्तरं ठरलेली आहेत. सासूबाई असतात. बाई लावली आहे. पाळणाघरात ठेवतो. मी नोकरी सोडली. यांतलं कोणतं उत्तर वाट्याला आलं, त्यावर बाळाची आंघोळ किती वाजता होते, त्याच्या वाटीत मऊ वरणभात पडतो की बिस्किटं, दुपारी त्याच्या हातात मोबाइल असतो की नाही आणि रात्री त्याची आई किती वाजता पाठ टेकते, हे सगळं ठरतं.

बालसंगोपनावर आपल्याकडे बोललं-लिहिलं जातं ते मात्र भलत्याच अंगाने. उन्हाळी संस्कार शिबिरं, पालकत्वावरची व्याख्यानं, पुरवण्यांतली सदरं या सगळ्यांचा रोख एकच: मुलाशी कसं वागावं. हट्ट करतो तेव्हा काय करावं, मारावं की नाही, गोष्टी कोणत्या सांगाव्या, किती लाड करावे. मुलापाशी कोणी असावं, किती वेळ, आणि त्या वेळाची किंमत कोणी द्यावी, यावर शब्द फार कमी खर्च झाले आहेत. मला या दुसऱ्या प्रश्नाचा आढावा घ्यायचा आहे, कारण पहिल्यातल्या बऱ्याच भानगडी दुसऱ्यातून निघतात असं माझं मत आहे. दिवसभर एकटीने दोन वर्षांचं पोर सांभाळलेली बाई संध्याकाळी सात वाजता त्याच्यावर खेकसते, तेव्हा तिला शांत राहण्याचं तंत्र शिकवून काय होणार? तिला एक तास सुटका हवी असते.

"पूर्वी बरं होतं, एकत्र कुटुंब होतं, मुलं कशी वाढली कळलंही नाही," हे वाक्य महालातल्या जुन्या वाड्यांपासून मनीषनगरच्या नव्या फ्लॅटांपर्यंत ऐकू येतं. कळलं नाही हे खरं, पण कोणाला कळलं नाही तेही पाहायला हवं. बहुतेक घरांत धाकट्याला कडेवर घेऊन फिरणारी होती ती सात-आठ वर्षांची थोरली बहीण. तिला चांगलंच कळलं होतं, कारण तिची शाळा त्यात गेली. बालशिक्षणाच्या इतिहासात ही गोष्ट ज्यांनी सर्वांत स्वच्छ पाहिली त्या ताराबाई मोडक. वकील नवऱ्याबरोबर काही वर्षं त्यांनी आपल्या अमरावतीत संसार केला होता. पुढे गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना, मग दादरचं शिशुविहार आणि १९४५ पासून बोर्डी, नंतर कोसबाड. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला जी विकासवाडी उभी केली तिच्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. मुली शाळेत येत नव्हत्या, कारण त्यांच्या कडेवर भावंडं होती. तेव्हा भावंडासकट या, असं ताराबाईंनी म्हटलं. त्यांची आठवण आपण माँटेसरीच्या साधनांसाठी आणि बालगीतांसाठी काढतो. मला त्यांचं मोठेपण या व्यवस्थेत दिसतं. मुलीने शिकावं हा उपदेश त्यांनी केला असेल-नसेल, तिच्या कडेवरचं पोर उतरवून घ्यायला एक माणूस मात्र त्यांनी नेमलं.

नागपूरचा स्वतःचा इतिहास याबाबतीत कमी बोलका नाही. हे गिरणीचं शहर होतं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि तिच्या भोवती वस्त्या उभ्या राहिल्या. त्यांतल्या बायका मिलमध्ये जात. तान्ह्याला कुठे ठेवायचं? देशभरच्या गिरण्यांच्या गावांत याचं एक भयंकर उत्तर रूढ होतं: अफू. मुंबईत तिला बाळागोळी म्हणत. गोळी चाटवली की पोर दिवसभर झोपून राही. शाही मजूर आयोगाच्या १९३१ च्या अहवालातही या प्रकाराची दखल आहे, आणि त्यावर उपाय म्हणून कारखान्यांत पाळणाघरांचा आग्रहही. एम्प्रेस मिलने कामगार बायांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवलं. मुंबई इलाख्याने १९२९ मध्ये आणि पाठोपाठ १९३० मध्ये नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताने बाळंतपणाच्या लाभाचा कायदा केला. हे सगळं जवळपास शंभर वर्षांपूर्वीचं आहे, हे आज ऑफिसात पाळणाघर मागणाऱ्या बाईला 'नवी फॅडं' म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मिलमधल्या आईबापांची मुलं कशी वाढत, हे आतून सांगणारं पुस्तक आहे कौसल्या बैसंत्रींचं 'दोहरा अभिशाप'. बैसंत्री नागपूरच्या, मातृभाषा मराठी, पण आत्मकथा त्यांनी हिंदीत लिहिली. ती १९९९ मध्ये आली. आईवडील दोघंही एम्प्रेस मिलमध्ये राबणारे आणि तरीही पोरींना शिकवण्याच्या जिद्दीने पेटलेले. मराठी घरांत या पुस्तकाचं नाव फारसं निघत नाही. आईपणाच्या आपल्या वाङ्मयीन चित्रात 'श्यामची आई' (१९३५) इतकी भरून राहिली आहे की पाळी संपवून धावत घरी येणाऱ्या आईला त्यात जागाच उरली नाही.

याच शहरात २० जुलै १९४२ रोजी अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. त्यांनी भाषणात संततिनियमनाचा उघड पुरस्कार केला, आणि परिषदेने मिलमधल्या बायांसाठी रजा, भरपाई, निवृत्तिवेतन मागणारे ठराव केले. डॉ. आंबेडकरांनी त्या परिषदेत बायांना सांगितलं ते स्वच्छतेबद्दल, मुलांना शिकवण्याबद्दल, त्यांच्या लग्नाची घाई न करण्याबद्दल आणि नवऱ्याशी बरोबरीच्या मैत्रिणीसारखं वागण्याबद्दल. घरातल्या मुलांचा प्रश्न आणि कामावरच्या रजेचा प्रश्न एकाच मांडवात, एकाच दिवशी चर्चेला आले. नंतर हे दोन प्रश्न फुटले. एक 'पालकत्वा'च्या सदरात गेला, दुसरा कामगार आयुक्तांच्या कचेरीत.

त्याआधीची एक खूण सीताबर्डीवर आहे. कमलाताई होस्पेट बालविधवा. परिचारिकेचं शिक्षण घेऊन त्यांनी वेणूताई नेने यांच्यासह १९२१ मध्ये मातृसेवा संघ काढला. तेव्हा बाळंतपण म्हणजे घरातली अंधारी खोली, सुईण आणि दैव. संघाच्या शाखा विदर्भभर गेल्या, कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली. नागपुरातल्या कित्येक घरांतल्या तीन-तीन पिढ्या 'संघात' जन्मल्या आहेत (या शहरात 'संघ' म्हटल्यावर बायांच्या डोळ्यांसमोर आधी कोणता येतो, हे घरातल्या वयस्क बायांना विचारून पाहावं). राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. कमलाताईंची लढाई जवळपास जिंकली गेली आहे. बाळ दवाखान्यातून घरी आल्यानंतरची लढाई उरली.

आता आजचा हिशेब मांडू. २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. म्हणजे सहा महिने. अंगणवाडीत किंवा नर्सरीत मूल जायला लागतं ते तिसऱ्या वर्षी. अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून आहे आणि ती जन्मापासूनच्या मुलांची नोंद ठेवते, पण तीन वर्षांखालच्यांना तिथून मिळतो तो घरी न्यायचा आहार. बसायला जागा मिळते ती तीन ते सहावाल्यांना, आणि तीही काही तास. सहा महिने ते तीन वर्षं, हा अडीच वर्षांचा खड्डा सरळ आहे. या काळात मूल रांगतं, उभं राहतं, पडतं, तोंडात सगळं घालतं, बोलायला लागतं. त्याला सर्वांत जास्त माणूस लागतं ते याच काळात, आणि कायद्याच्या नकाशावर नेमका हाच भाग कोरा आहे. त्यातून २६ आठवडे मिळतात ते पगारपत्रकावर नाव असलेल्यांना. बर्डीवरच्या कापडाच्या दुकानातल्या मुलीला, कोचिंग क्लासमध्ये तासावर शिकवणाऱ्या बाईला, सिमेंट रोडच्या कामावरच्या मजूरणीला त्यातलं सहसा काही मिळत नाही. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं ही तरतूद २०१७ च्या दुरुस्तीत आली. नागपुरात बाया जिथे काम करतात त्या जागा बहुतेक पन्नासच्या खालच्या. कामठीपासून भंडारा-गोंदियापर्यंत घरोघरी विडी वळणाऱ्या बायांचं तर कामाचं ठिकाण म्हणजे स्वतःचीच ओसरी. मांडीवर सूप, सुपात तेंदूपान, बाजूला रांगणारं पोर आणि तंबाखूचा खकाणा. घरी आहे म्हणून मुलाकडे लक्ष आहे, असं तिच्याबाबतीत कोण म्हणेल?

मध्यमवर्गात हा खड्डा भरते आजी. ती काही काळापुरती आली असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात ती बदलीवर आलेली असते. नागपूरची तरणी माणसं पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला गेली. नातवंडं तिकडे झाली. मग आईची आई सहा महिने, वडिलांची आई सहा महिने, अशी पाळी लागते. अमेरिकेतल्या मराठी घरांत तर एका वेळच्या मुक्कामाची परवानगीच सहसा त्याच हिशेबाने मिळते. १० ऑगस्ट २०२५ ला अजनी–पुणे वंदे भारत सुरू झाली, जवळपास बारा तासांत पोचवते. गाडीचं कौतुक पुढाऱ्यांनी उद्योगधंद्याच्या अंगाने केलं. माझ्या मते तिची खरी हक्काची प्रवासी म्हणजे सांबारवडीचा डबा, डिंकाचे लाडू आणि गुडघ्याचा पट्टा घेऊन निघालेली आजी. नागपुरात आबा एकटे राहतात, त्यांच्या डब्याची सोय लावलेली असते. आजीच्या या कामाला पगार नाही, रजा नाही, आणि 'नातवंडांत रमल्या आहेत' या वाक्यापुढे तक्रारीलाही जागा नाही. रमतात हे खोटं नाही. पण पासष्टाव्या वर्षी दिवसातून वीस वेळा जमिनीवरून बारा किलोचं पोर उचलणं म्हणजे काय, ते तिच्या कमरेला विचारा.

आजी आली की डॉक्टर आणि आजी असा सामना सुरू होतो. याची इतकी थट्टा झाली आहे की त्यातला खरा मुद्दा हरवला. टाळू भरणं, नाकाकानात तेल घालणं, गुटी, मध, शेगडीचा धूर यांना आजचे बालरोगतज्ज्ञ नाही म्हणतात, आणि त्यांत बहुतेक बाबतींत ते बरोबर आहेत. वर्षाखालच्या बाळाला मध देण्याचा धोका तर सिद्ध झालेला आहे. पण नागपुरी आजीचा सर्वांत जोरदार आक्षेप पाण्याबद्दलचा असतो. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाण्याचा थेंबही नाही, असं डॉक्टर सांगतात, आणि बाहेर मे महिना पेटलेला असतो. "अवं, ह्या उन्हात लेकराले घोटभर पाणी बी नाई द्याचं?" प्रश्न अडाणी नाही. २३ मे २०१३ रोजी या शहरात ४७.९ अंश नोंदले गेले आहेत. उत्तर असं आहे की आईच्या दुधात जवळपास ८७-८८ टक्के पाणीच असतं, बाळ उन्हात जास्त वेळा प्यायलं की त्याची तहान भागते, आणि बाहेरच्या पाण्याने जुलाबाची भीती वाढते. हे इतकं नीट समजावून सांगायला दवाखान्यातल्या पाच मिनिटांच्या भेटीत वेळ नसतो, आणि सांगितलं जातं तेही आईला. आजी बाहेर बाकावर बसलेली असते. घरी गेल्यावर निर्णय मात्र तीच घेते.

घरात जाऊन, सगळ्यांसमोर सांगणं म्हणजे काय, याचा सर्वांत चांगला नमुना विदर्भातच झाला. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग, दोघंही नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. गडचिरोलीत त्यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळ घरी असतानाच त्याचं वजन, श्वास, ताप, जंतुसंसर्ग पाहणं, ऊब देणं, गरज पडली तर प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं हे सगळं या बाया करत. ३९ गावांत तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. 'लॅन्सेट'मध्ये १९९९ साली हे प्रसिद्ध झालं, आणि २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती नवजात बाळाच्या घरी भेटी द्यायला लागली: दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ४२ दिवसांत सहा भेटी, तिसऱ्या दिवसापासून. गंमत अशी की या सेवेत धरमपेठ, रामदासपेठेतली आई सहसा येत नाही. तिच्याकडे पैसे आहेत, गाडी आहे, फोनवर पन्नास व्हिडिओ आहेत. दहाव्या दिवशी दूध नीट ओढतो की नाही ते पाहायला घरी येणारी शिकलेली बाई नाही. मालिशवाली बाई तेवढी येते, आणि सव्वा महिना ती घरातली एकमेव अनुभवी व्यक्ती असते.

उन्हाळ्याचं इथे थोडं जास्त बोलावं लागेल, कारण बाहेरगावच्या पालकत्वाच्या पुस्तकांत तो नसतो. मार्चच्या शेवटापासून जूनपर्यंत नागपुरातलं लहान मूल सकाळी अकरा ते संध्याकाळी साडेपाच घरात कोंडलेलं असतं. पूर्वी वाळ्याच्या ताट्या होत्या, आता कूलर आणि ऐपत असेल तर एसी. कूलरची टाकी भरणं हे घरातलं एक वेगळं खातं आहे, आणि ओल्या कूलरला हात लावू नको हे इथल्या मुलाला चालायला लागल्याबरोबर शिकवावं लागतं. विदर्भातल्या शाळा जूनमध्ये उरलेल्या राज्यापेक्षा आठवडाभर किंवा जास्तच उशिरा उघडतात, ते योग्यच आहे. पण मग एका खोलीत, एका कूलरसमोर, रोज सहा तास, दोन मुलं आणि एक मोठं माणूस. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की दोन वर्षांखाली पडदा नाहीच, दोन ते पाच वर्षांत दिवसाला फार तर एक तास. सल्ला उत्तम आहे. तो पाळायचा तर त्या सहा तासांत कोणीतरी मुलाशी खेळलं पाहिजे, आणि त्याच सहा तासांत स्वयंपाकघर आवरणं, कपडे, फोनवरून ऑफिस हेही चाललेलं असतं. मोबाइल हा नागपुरात दुपारचा पगार न घेणारा नोकर आहे. त्याला काढायचं तर बदली माणूस आणा, एवढंच माझं म्हणणं.

आपल्या सणांनी हे काम बरंच केलं होतं, असं मला अलीकडे वाटायला लागलं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा घ्या. लाकडी बैल सजवून पोट्टी दारोदार जातात, बोजारा मिळवतात. परंपरा दुसऱ्या रघूजी भोसल्यांपर्यंत नेली जाते. त्याच दिवशी मारबतींची मिरवणूक निघते आणि खोकला-पडसं, रोगराई सगळं घेऊन जा म्हणून लोक ओरडतात. लहान मुलं मरायची त्या काळचं भय त्या आरोळीत आहे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई. रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली एकेकीच्या अंगणात गाणी म्हणतात, खाऊ ओळखतात. संस्कृतीच्या अंगाने यांचं वर्णन पुष्कळ झालं. व्यवहाराच्या अंगाने पाहा: एका घरी पंधरा मुली दीड तास, म्हणजे चौदा घरांतल्या आयांना दीड तास मोकळा. फ्लॅटच्या संकुलांत भुलाबाई आता एका दिवसाच्या कार्यक्रमावर आली आहे, त्यात आयाही नटून बसलेल्या असतात आणि फोटो काढत असतात. मोकळा वेळ गेला, वर एक काम वाढलं.

मूल ज्याच्यापाशी असतं त्याची भाषा बोलतं, हेही नागपुरात झटकन दिसतं. आजीपाशी वाढलेलं मूल "काहून?" विचारतं, खालच्या पार्किंगमध्ये वाढलेलं हिंदीत भांडतं, पडद्यासमोर वाढलेलं इंग्रजीत रंग मोजतं. पहिलीपासून हिंदी असावी का, यावर २०२५ मध्ये राज्यात केवढा गदारोळ झाला, २९ जूनला सरकारने आदेश मागे घेतले. इथली पोट्टी तो वाद ऐकून हसली असतील. आम्हांला नागपुरात मुलाने मराठीत भांडावं याची सोय लावावी लागते.

जेवणाकडे येऊ, कारण इथे आकडे बोलतात आणि वाईट बोलतात. आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत रक्तक्षय होता ५३.८ टक्क्यांना. पाचव्या फेरीत तो ६८.९ टक्के झाला. पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली. ही गरिबीची कहाणी आहेच, पण सगळी नाही. रक्तक्षय खात्यापित्या घरांतही आहे. वर्षाच्या मुलाचं पोट त्याच्या मुठीएवढं. त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, घट्ट, तूप-डाळ घातलेलं भरवावं लागतं, आणि दर वेळी अर्धा तास. गुरगुट्या भात स्वस्त आहे. भरवणारा अर्धा तास महाग आहे. बिस्किट पोर स्वतःच्या हाताने खातं, म्हणून बिस्किट जिंकतं. पोषण आहाराच्या पाकिटात किती प्रथिनं घालावीत यावर बैठका होतात. ते पाकीट उघडून, शिजवून, निववून, गोष्ट सांगत सांगत भरवणार कोण, हे कोणाच्याच विषयपत्रिकेवर नसतं.

आता बाप. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के बायांनी घरातल्यांची देखभाल करण्यात वेळ घालवला, दिवसाला १४० मिनिटं. पुरुष २१.४ टक्के, आणि त्यांची मिनिटं ७४. नागपूरचा बाप पूर्वीपेक्षा बदलला आहे हे मान्य करायला हवं. सकाळी स्कूटीवर पुढे पोर उभं करून नर्सरीच्या दारात सोडणारे, डायपर बदलणारे, रविवारी ट्रॅफिक पार्कात किंवा रमण विज्ञान केंद्रात नेणारे बाप आहेत. पण सोडून येणं आणि फिरवून आणणं हे सुरुवात-शेवट असलेलं काम आहे. ताप आलेल्या दिवशी कोणी घरी राहायचं, हे न संपणारं काम अजून आईकडेच जातं. सरकारचंही मन तेच सांगतं. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला बाळ झाल्यावर १५ दिवस रजा आहे. खासगी नोकरीत बापाला रजा देण्याची सक्तीच नाही. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, ती चांगलीच गोष्ट. पुरुषाला ती मिळते, पण बायको हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तर. आई उभी आहे तोवर बाप हा संगोपन करणारा नव्हेच, असं शासन निर्णयाच्या भाषेत लिहून ठेवलं आहे.

शाळेच्या वेळेचं उदाहरण याच जातीचं. मुलांची झोप होत नाही, असं तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये म्हटलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने ठरवलं की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत. झोपेच्या दृष्टीने निर्णय बिनतोड. विरोध आला तो पालकांतून आणि बसवाल्यांकडून. सात वाजता पोर सोडून साडेआठला मिहानच्या रस्त्याला लागणाऱ्या जोडप्याला नऊची शाळा म्हणजे सकाळचे दोन तास कोणी सांभाळायचं ही नवी चिंता. मुलाच्या भल्याचा निर्णय घेताना त्या दोन तासांना माणूस कोण, हे कोणी मोजलंच नव्हतं.

राहिलं पाळणाघर आणि बाई. खासगी पाळणाघरं नागपुरात गल्लोगल्ली आहेत, बहुतेक एखाद्या काकूंच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. काही फार प्रेमाने चालवलेली आहेत. पण चांगलं कोणतं हे ओळखायचं एकच साधन आहे, ओळखीच्या आईचा शब्द. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात तान्ह्या मुलीला मारहाण झाल्याचं चित्रण बाहेर आलं, तेव्हा राज्यभर खळबळ माजली, कॅमेरे बसले. कॅमेऱ्याने मारहाण दिसते. एका बाईकडे किती मुलं आहेत आणि तिला पगार किती मिळतो, हे मोजायला कॅमेरा लागत नाही, इच्छा लागते. तीच गोष्ट अंगणवाडी सेविकेची. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आलं की दरवर्षी यशवंत स्टेडियमजवळ त्यांचे मोर्चे येतात. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला त्यांचा संप जानेवारीपर्यंत चालला. वर्तमानपत्रांनी वाहतूक कोंडीच्या बातम्या दिल्या.

आणि घरात मूल सांभाळायला येणारी बाई. तिच्याशिवाय वर सांगितलेल्या कितीतरी घरांचा दिवस उजाडत नाही. घरकाम करणाऱ्या बायांची संघटना उभी करण्यात नागपूर पुढे होतं. संस्कृतच्या प्राध्यापक रूपा कुळकर्णी यांनी १९८० मध्ये विदर्भ मोलकरीण संघटना काढली, आणि २००८ मध्ये महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणी, ओळखपत्र, काही मदत इथवर तो पोचला. पण दुसऱ्याचं दीड वर्षांचं मूल सांभाळायला सकाळी आठला येणाऱ्या बाईचं स्वतःचं दीड वर्षांचं मूल त्या वेळी कुठे असतं, हे तिला विचारून पाहा. बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "पोरीजवळ ठेवलं." पोर म्हणजे नऊ-दहा वर्षांची थोरली. ताराबाईंनी जिला शाळेत आणण्यासाठी पाळणाघर बांधलं, ती मुलगी अजून तिथेच आहे, फक्त तिच्या आईची मालकीण आता शिकलेली आणि नोकरदार आहे.

केंद्राची जुनी राष्ट्रीय पाळणाघर योजना २०२२ पासून 'पाळणा' या नावाने चालते. अंगणवाडीलाच जोडून पाळणाघर, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, महिन्यातले २६ दिवस, रोज साडेसात तास. कल्पना बरोबर आहे, नेमका तो अडीच वर्षांचा खड्डा भरणारी. नागपुरात ती कामाची ठरायची असेल तर पहिली गोष्ट ठरवावी लागेल ती उघडण्याची वेळ. दहाला उघडणारं पाळणाघर आठला कामावर पोचणाऱ्या बाईच्या उपयोगाचं नाही. ते सातला उघडलं पाहिजे, वस्तीतच असलं पाहिजे, आणि तिथल्या सेविकेला पूर्ण दिवसाचा पगार मिळाला पाहिजे, नाहीतर तिचं मूलही कोणाजवळ तरी ठेवावं लागेल.